फाउंड्रीच्या गेटवरची माणसं

इंग्लंडातल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचा संपादक यंदा कौस्तुभ आहे. मूळ पुण्याचा, नोकरीला मँचेस्टरला, वयानं माझ्या मुलाएवढा. त्यानं फोन करून मला विषयच नेमून दिला. "काकू, तुम्ही त्या ईस्टर्न युरोपच्या इन्व्हेस्टमेंटचं काम करायचात ना? मग थोडं प्रॅक्टिकल लिहा. म्हणजे छोट्या इमर्जिंग मार्केटमध्ये एन्ट्री कशी घ्यायची, रिस्क काय असते, असं. आमच्या एज ग्रुपला युजफुल होईल." मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की त्या सगळ्या वर्षांतून मला मनापासून सांगावीशी वाटणारी गोष्ट एकच आहे आणि ती एका लोखंडी गेटची आहे. कौस्तुभनं राग मानू नये. रिस्क काय असते, ते तिच्यात आलेलं आहे.

आधी काम काय होतं ते सांगते. ब्रिस्टलमधल्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीत मी इंजिनिअर होते. पंपाचं बाहेरचं अंग बिडाचं असतं. वाळूच्या साच्यात लोखंडाचा रस ओतून ते तयार होतं आणि असं ओतकाम जिथं चालतं ती फाउंड्री. दोन हजार सालानंतर इंग्लंडातल्या फाउंड्र्या एकेक करून बंद पडत होत्या. मग आमच्या साहेबांनी ठरवलं, की पूर्व युरोपातल्या एखाद्या छोट्या देशात चालू फाउंड्री विकत घ्यायची, तिच्यात नवी यंत्रं घालायची आणि माल तिकडून आणायचा. असं काही घेण्याआधी वकील कागद बघतात, अकाउंटंट हिशेब बघतात. मी कारखाना बघायची. मुलगी द्यायच्या आधी घर बघून येणारी एखादी आत्या असते ना, तसलं ते काम.

आत्या जशी दिवाणखाना बघत नाही तशी मीही दाखवतील ते बघत नसे. आधी कामगारांचा संडास. मग बाद झालेल्या मालाचा ढीग, कारण तो नेहमी कारखान्याच्या मागे असतो आणि खरं बोलतो. मग साच्याची वाळू मुठीत दाबून बघायची. आणि जेवणाच्या सुट्टीत कोण कुणाशेजारी बसतं ते. हे मला कुठल्याही कॉलेजात शिकवलं नाही. माझ्या वडिलांची, अण्णांची, कोल्हापूरला उद्यमनगरात छोटीशी फाउंड्री होती आणि माझं बालपण त्या वाळूत गेलं. ब्रिस्टलच्या ऑफिसात माझी हुशारी म्हणून जी वाखाणली जायची, ती निम्मीशिम्मी अण्णांची होती.

तर बल्गेरिया. देश युरोपियन युनियनमध्ये शिरायच्या बेतात होता आणि इंग्लंडमधून जो उठेल तो तिकडे समुद्राकाठी फ्लॅट बुक करत होता. आम्ही समुद्रापासून लांब, डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात गेलो. गाव त्या एका फाउंड्रीवर उभं होतं. सरकारी होती तेव्हा तिच्या तीन पाळ्या चालत. आता एकच उरली होती, तीही रडतखडत. आमचा पैसा आला तर ती जगणार होती, नाही तर मोडीत जाणार होती. हे गावातल्या पावाच्या दुकानदाराला, शाळेतल्या बाईंना, सगळ्यांना ठाऊक होतं. मी रस्त्यानं चालले की लोक थांबून बघायचे.

पहिल्या दिवशी गेटपाशीच माझे पाय थांबले. उंच, पत्र्याचं, दोन फळ्यांचं गेट आणि त्यावर माणसांचे फोटो. पांढऱ्या कागदांवर फोटो, खाली नाव आणि मजकूर. काही ताजे, काही उन्हानं पिवळे पडलेले, काहींचं नुसतं कपाळ उरलेलं. मला वाटलं, युनियनची निवडणूक असेल.

"हे सगळे गेलेले आहेत," रायना म्हणाली. रायना तिथल्या ऑफिसात होती आणि माझी दुभाषी. चाळिशीची, सडसडीत, तोडून बोलणारी. "माणूस गेलं की आम्ही कागद लावतो. घराच्या दारावर आणि तो काम करायचा तिथं. चाळीस दिवसांनी नवा कागद, सहा महिन्यांनी, वर्षानं. पुढेही, जोवर लावणारं कुणी आहे तोवर."

"आणि जुने?"

"फाडायचे नाहीत. ऊनपाऊस काढतील तेव्हा निघतात."

आमचे डायरेक्टर कीथसाहेब बरोबर होते. सॉमरसेटकडचे, अंगानं आडवे, मनानं सज्जन, आणि दर दहा मिनिटांनी विनोद केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांनी गेट वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि कारखान्याचे मॅनेजर पेत्रोव्ह यांना म्हणाले, "बराच मोठा स्टाफ आहे हो तुमचा. पण यातले कामावर येणारे किती?" पेत्रोव्ह हसले. ब्रिटिश माणूस हसला की आपणही हसायचं, एवढं त्यांना त्या वर्षात कळलं होतं. मला काही हसू आलं नाही. अण्णांच्या फाउंड्रीत, भट्टीसमोरच्या भिंतीवर, आजोबांचा आणि दोन जुन्या कामगारांचा फोटो होता. रोज सकाळी भट्टी पेटवण्याआधी त्यांना हार बदलला जायचा. इथं हार नव्हता, एवढंच.

कीथसाहेबांचा आणखी एक पराक्रम त्याच दौऱ्यातला. पेत्रोव्हबाईंनी जेवायला बोलावलं, तर साहेब डझनभर गुलाब घेऊन गेले. बाईंचा चेहरा पांढराफटक. रायनानं शांतपणे एक गुलाब उपसला, माझ्या हातात दिला आणि बाकीचे बाईंपुढे केले. परत येताना तिनं सांगितलं, की जिवंत माणसाला फुलं विषम द्यायची. सम फुलं मेलेल्यांची. साहेब कितीतरी वेळ गप्प बसले होते. त्यांच्या बाबतीत तो विक्रमच.

मी अहवाल चांगला दिला. संडास जुने पण स्वच्छ, वाळू उत्तम, माणसं त्याहून उत्तम. भट्टीवरचा मुख्य माणूस दिमितर. रुंद खांद्यांचा, पन्नाशी उलटलेला. त्याला इंग्रजी येत नव्हतं, मला बल्गेरियन येत नव्हतं. पण लोखंडाचा रस ओतायला तयार झाला की नाही, हे तो रंगावरून सांगे आणि मीही रंगावरूनच सांगे. त्यामुळे आमचं बरं जमलं. एकदा मी पाकिटातला अण्णांचा फोटो त्याला दाखवला. अण्णा आपल्या भट्टीशेजारी उभे, डोक्याला फडकं, भुवया अर्ध्या जळालेल्या. दिमितरनं फोटो खिडकीपाशी नेऊन बघितला, मग स्वतःच्या भुवयांवर बोट ठेवलं. त्याच्याही जळालेल्या होत्या. त्यानं फोटोची एक प्रत मागून घेतली आणि भट्टीजवळच्या खणात ठेवली.

त्याची बायको वान्या तिथंच क्रेन चालवायची. रसानं भरलेलं भलंमोठं भांडं उचलून ती साच्यांवर आणायची आणि खाली उभा दिमितर ते वाकवायचा. वर बायको, खाली नवरा, मध्ये उकळतं लोखंड, आणि दोघांत एक शब्द नाही. मी असं ओतकाम कुठं बघितलं नाही. आमचा व्यवहार मार्गी लागत असतानाच वान्या आजारी पडली आणि महिनाभरात गेली. कॅन्सर होता. तिचा कागद गेटवर लागला.

मग तो दिवस आला. कंपनीला पैसे देणारी लंडनची मंडळी स्वतः कारखाना बघायला येणार होती. भट्टी पेटलेली, रस साच्यात पडताना त्यांना दाखवायचा, मग त्यांनी होकार द्यायचा, असं ठरलं होतं. हा होकार म्हणजेच सगळं. मी आणि कीथसाहेब आदल्या रात्री सोफियाला उतरलो आणि सकाळी गाडीनं गावात पोचलो.

गेट निळं होतं. आमच्या कंपनीचा निळा. ओला रंग उन्हात चमकत होता आणि त्यावर एकही कागद नव्हता.

गेटबाहेर कट्ट्यावर भट्टीची सगळी माणसं ओळीनं बसली होती. मध्ये दिमितर, कोट घालून, मांडीवर झाकलेलं भांडं. कुणी ओरडत नव्हतं, घोषणा नाहीत, काही नाही. नुसते बसले होते. रायना धावत आली. तिचे डोळे लाल झाले होते.

"पेत्रोव्हनं खरवडून काढले," ती म्हणाली. "पाहुण्यांना बरं दिसणार नाही म्हणाला. कीथना आवडत नाहीत म्हणाला. आज वान्याचा चाळिसावा दिवस आहे, नीलिमा. दिमितर नवा कागद घेऊन आला आणि त्याला हे दिसलं."

"मला आवडत नाहीत? मी कधी म्हटलं?" कीथसाहेब म्हणाले.

त्यांना खरंच आठवत नव्हतं. मी त्यांना त्यांच्या विनोदाची आठवण करून दिली. मोठा स्टाफ, कामावर येणारे किती. साहेबांनी डोळे मिटले. पेत्रोव्ह बिचारे बाजूला उभे होते, इस्त्रीच्या सुटात, शर्टाच्या बाहीला निळा डाग. त्यांचा बापही त्या गेटवर होता. त्यांनी स्वतःच्या बापाचा कागद स्वतःच्या हातानं काढला होता, का, तर इंग्लंडचा साहेब हसला होता. पैसे घेऊन येणारा माणूस सहज बोलला तरी तो हुकूम होतो. इतकी वर्षं या धंद्यात काढून मला जे कळलं ते एवढंच, आणि कौस्तुभ, तुझ्या एज ग्रुपनं लिहून ठेवायचं असेल तर हे लिहून ठेवा.

आत भट्टीत रस तयार होता. पहाटेच्या माणसांनी लोखंड वितळवलं होतं आणि मग तेही बाहेर येऊन बसले होते. रस ओतला नाही तर तो भट्टीतच थिजतो, भट्टीचं अस्तर फाटतं, आणि जुनी भट्टी असेल तर तिचं काम संपलं. पाहुणे वाटेत होते. पेत्रोव्ह घड्याळाकडे बघत होते. मी एकदाच आत जाऊन रसाचा रंग बघून आले आणि साहेबांना म्हटलं, "फार वेळ नाही."

"मी काय करू?" ते म्हणाले. आमच्या इतक्या वर्षांच्या ओळखीत त्यांनी मला हा प्रश्न असा कधी विचारला नव्हता. तिथली रीत मला रायनानं कधीच सांगून ठेवली होती.

"आधी त्याच्याजवळ जा. तो भांड्यातले गहू देईल. उकडलेले, साखर घातलेले. बायकोच्या नावानं वाटतोय तो. खा. पण थँक यू म्हणू नका. बोग दा प्रोस्ती म्हणा. देव तिला क्षमा करो, असं."

ब्रिटिश माणसाला थँक यू न म्हणता काही घ्यायला सांगणं म्हणजे काय, ते आपल्याला माहीत आहे. साहेब गेले. दिमितरसमोर उभे राहिले. दिमितरनं बराच वेळ वर बघितलं नाही. मग त्यानं झाकण काढलं, चमचा भरला, साहेबांच्या तळहातावर गहू ठेवले. साहेबांनी खाल्ले आणि ते तीन शब्द वेडेवाकडे, पण म्हटले. मग रायनाला म्हणाले, "त्याला सांग, माझ्या जिभेमुळे झालं. पेत्रोव्हचा दोष नाही. आणि तो कागद मला दे म्हणावं."

दिमितरनं कोटाच्या आतून कागद काढला. वान्याचा फोटो, क्रेनच्या केबिनमधला, हसरा. साहेब तो घेऊन गेटपाशी गेले. चिकटपट्टी ओल्या रंगावर टिकेना. कागद सारखा घसरत होता. शेवटी साहेबांनी तो आपल्या हातानं गेटवर दाबून धरला आणि म्हणाले, "तार आणा कुणीतरी." भट्टीचा एक माणूस उठला. साच्याला बांधायची बारीक तार आत असते, ती आणायला तो गेला. तेवढ्यात लंडनची गाडी वळणावर दिसली.

ती मंडळी उतरली तेव्हा त्यांनी पाहिलं ते हे: कंपनीचा डायरेक्टर निळ्या रंगानं माखलेल्या बाहीनं, एका हसणाऱ्या बाईचा फोटो गेटला धरून उभा आहे आणि शेजारी कोट घातलेला एक रुंद माणूस खिळ्यानं पत्र्याला भोक पाडून तार ओवतोय. त्यांच्यातल्या वयस्कर बाईंनी विचारलं, "हे काय चाललंय, कीथ?"

साहेबांना विनोद सुचला असणार. त्यांनी तो गिळला. "ही वान्या," ते म्हणाले. "आमची क्रेन ऑपरेटर. चाळीस दिवसांपूर्वी वारली. हे झालं की आत जाऊ."

दिमितरनं तार पिळून घट्ट केली, कागदावरून एकदा हात फिरवला, मग भांडं रायनाकडे देऊन आत निघाला. त्याच्यामागे सगळे. कोट काढून त्यानं खुंटीला टांगला आणि भट्टीसमोर उभा राहिला. वर क्रेनवर वान्याच्या जागी एक नवी मुलगी होती. दिमितरनं तिच्याकडे बघून नुसती मान हलवली. रसाचं भांडं खाली आलं. रस साच्यात पडताना लंडनच्या बाईंनी तोंडावर हात ठेवला होता, आणि मी खूप रडले. धुरामुळे कुणाला कळलं नाही.

होकार आला. नवी भट्टी आली, नव्या क्रेन आल्या, दुसरी पाळी सुरू झाली. हळूहळू घरोघरचे लोक नवे कागद छापून आणत गेले आणि निळा रंग झाकून गेला. एकाच जागी दिसत राहिला, वान्याच्या कागदाशेजारी, जिथं साहेबांच्या हाताचा ठसा वाळला होता. मी वर्षातून बरेचदा जायची. अरुण, माझा नवरा, चिडवायचा, "अगं, तू तिकडे फॅक्टरी चेक करायला जातेस की माहेरपणाला?" खरं सांगायचं तर उत्तर त्यालाही माहीत होतं.

अण्णा गेले त्या थंडीत मी ब्रिस्टलमध्ये होते. हीथ्रोला जाईपर्यंत, मुंबईला उतरून कोल्हापूर गाठेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यांचा चेहरा मी बघितला नाही. परदेशी राहणाऱ्या आपल्यातल्या कितीजणांचं हे झालंय, त्यामुळे जास्त लिहीत नाही. रायनाला फक्त दोन ओळी पाठवल्या, की वडील वारले, या महिन्यात येत नाही.

त्याच सुमारास मंदी आली. इमारती बांधायच्या थांबल्या, पंप कुणी घेईना. लंडनच्या मंडळींनी आकडे बघितले आणि ठरवलं. ज्या कारखान्याला मी पहिल्यांदा हो म्हटलं होतं तो बंद करायच्या कामाला मलाच पाठवलं. कुठलं यंत्र विकायचं, कुठलं मोडीत घालायचं, हे सांगायला कारखाना ओळखणारं माणूस लागतं. मी नाही म्हणू शकले असते. पण मग कुणीतरी अनोळखी गेलं असतं.

उन्हाळ्याचे दिवस होते. मी गाडीतून उतरले, आणि बॅग हातातच राहिली.

गेटवर अण्णा होते.

वान्याच्या शेजारी, साहेबांच्या हाताच्या ठशावर. डोक्याला फडकं, भुवया अर्ध्या जळालेल्या. खाली बल्गेरियन अक्षरांत त्यांचं नाव. शेजारी त्याच फोटोचा एक जुना, पावसानं फिका पडलेला कागद होता, चाळिसाव्या दिवसाचा. हा सहा महिन्यांचा. रायना येऊन शेजारी उभी राहिली.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

"ओतकाम करणारा. कोल्हापूर. आमच्या नीलिमाचे वडील. शोक करणारे, भट्टीवरचे सहकारी." मग म्हणाली, "दिमितरनं लावला. गहूही वाटले त्यानं. कोण आहेत ते सगळ्यांना माहीत होतं."

आणि मी त्यांना काय सांगायला आले होते? मी तशीच आत गेले आणि सांगितलं. दिमितरनं ऐकून घेतलं. त्याला अंदाज होताच, सगळ्यांनाच होता. त्यानं रायनामार्फत एकच विचारलं, "गेट कोणाला जाणार?"

मोडीवाल्याला सगळंच हवं असतं, पत्रासुद्धा. मी ब्रिस्टलला कीथसाहेबांना फोन लावला. "ते आपलं कधी होतं, नीलिमा?" ते म्हणाले. "विक्रीतून काढ ते."

शेवटच्या दिवशी साहेब स्वतः आले. ते यायला पाहिजेत असं कुणी म्हटलं नव्हतं. हातात गुलाबांचा गुच्छ होता. रायना सवयीनं पुढे झाली, एखादं फूल काढून घ्यायला.

"राहू दे," साहेब म्हणाले. "या वेळी डझनच आणलीत."

त्यांनी ती गेटच्या पायाशी ठेवली. शेवटचा रस पडला, भट्टी थंड झाली, माणसं एकेक करून बाहेर आली. प्रत्येकजण जाताना गेटला हात लावून गेला.

पुढं यंत्रं गेली, क्रेन गेल्या, छप्परही गेलं. रायना दर वर्षी एक फोटो पाठवते. मागं मोकळं मैदान, गुडघाभर गवत, आणि पुढं ते गेट, एकटंच उभं, कुठल्याही भिंतीशिवाय. लोक अजून कागद लावतात. दिमितर आता काठी घेऊन येतो, असं ती सांगते. आधी वान्याचा कागद बदलतो, मग अण्णांचा. कोल्हापूरची आमची फाउंड्री भावांनी केव्हाच विकली आणि भिंतीवरचा अण्णांचा फोटो कुठं गेला, ते कुणालाच सांगता येत नाही.